तीन एकर सोयाबीन आणि दिवाळीची घाई

शेत आटले

१९७०-७१ साली महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. लातूर, धाराशिव, वाशीमकडे अशा तुकड्यावर खरिपात बहुधा सोयाबीनच दिसते. शंभर-एक दिवसांत येते आणि दिवाळीच्या तोंडावर रोकड देते. गोम आहे ती याच रोकडीत. लहान शेतकरी पिकवण्यात कमी पडत नाही. माल घरात ठेवून थांबणे त्याला परवडत नाही.

सोंगणीपासून आडतीपर्यंत

सोंगणीला अख्ख्या शिवारात एकदमच मजूर लागतात. गुत्ते घेणारी टोळी आधी दहा-पंधरा एकरांचे शेत धरते, तीन एकरवाल्याचा नंबर मागे. मळणीयंत्राचेही तेच. तोवर परतीचा पाऊस गंजीवर आला, की दाणा डागी होतो. आडतीवर कट्ट्यात हात खुपसून मूठभर दाणे काढतात, एखादा दाताखाली फोडतात, मग ओलावा मोजतात. हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. २०२४ साली ही मर्यादा १५ टक्के केली, पण नोव्हेंबरच्या मध्यावर. दिवाळी १ तारखेला होऊन गेली होती आणि अनेकांचे कट्टेही विकून झाले होते.

त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात भाव ४,२०० च्या आसपास घुटमळत होता. एकरी सहा क्विंटल धरा. अठरा क्विंटलवर तूट १२,४५६ रुपयांची. हरभऱ्याच्या पेरणीचा बराचसा खर्च त्यात निघाला असता.

मागे लागलेले देणे

कृषी सेवा केंद्रातली बी-खताची उधारी सुगीला चुकती करावी लागते, नाहीतर पुढच्या पेरणीला दुकानाची पायरी चढवत नाही. बटईने करणाऱ्याची गत आणखी वाईट. सातबारा दुसऱ्याच्या नावावर, म्हणून त्याला पीककर्ज सहसा मिळत नाही. मग सावकार आहेच.

भाव दिल्लीत हलतो

ऑगस्ट २०२१ मध्ये काही बाजारांत सोयाबीनने दहा हजारांचा टप्पा ओलांडला. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव कोसळला. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयातशुल्क लावले, मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणले. तेल स्वस्त असावे असे शहरातल्या माणसाला वाटते, त्यात गैर काही नाही. पण त्या स्वस्ताईचा भार पेरणी करून बसलेल्याने सोसावा, हा कुठला न्याय?

थांबायची सोय

ती कागदावर जुनीच आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवले, की त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने मिळते, मुदत सहा महिने. अडचण एवढीच, की तीस-पस्तीस कट्ट्यांसाठी गाडीभाडे आणि हेलपाटे एकट्याला परवडत नाहीत. भाऊबंदांनी, गटाने मिळून एक गाडी केली तर जमते. आपल्या बाजार समितीत योजना चालू आहे का, गोदामात जागा आहे का, हे सोंगणीला हात घालण्याआधीच विचारून ठेवा.