एकलहऱ्याचा कोळसा आणि मालवणचे प्रवाळ

एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रापासून समुद्र बराच लांब. तरी मालवणच्या प्रवाळांची गोष्ट इथूनही सांगता येते. प्रवाळ दगड नव्हे, प्राणी. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्नही देतं आणि रंगही. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी राहतो. कोळशाच्या धुरासारख्या कारणांनी पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे 90 टक्के समुद्रच पोटात घेतो.

कुणी म्हणेल, एका केंद्रानं असं काय बिघडतं? एकट्यानं फारसं नाही, खरंय. पण जगातलं प्रत्येक केंद्र हेच म्हणू शकतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: होड्यांचे नांगर, प्रवाळांवर पाय देणारे पर्यटक, गाळ यांचं काय? ते रोखायलाच हवं, कारण धडधाकट प्रवाळ सावरण्याची शक्यता जास्त. पण 1987 साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याची हद्द तापलेल्या पाण्याला अडवत नाही. स्थानिक बंदोबस्त आणि कोळसा कमी करणं, दोन्ही लागेल.