कार्ल्याची लेणी आणि मावळातील खेडी

कार्ल्याचे चैत्यगृह पाहण्यास येणारा प्रवासी बहुधा स्तंभशीर्षे आणि छताच्या लाकडी कमानी न्याहाळून डोंगर उतरतो. पायथ्याची खेडी त्याला केवळ वाटेवर लागतात. वस्तुतः तेथील दोन महत्त्वाच्या शिलालेखांचा विषय खेडे हाच आहे. नहपानाचा जामात उषवदात याने वलूरक लेण्यांतील भिक्षूंच्या निर्वाहार्थ करजिक हे गाव दिले. पुढे सातवाहनांच्या राजवटीत मामाल येथील अमात्यास त्याच स्वरूपाची आज्ञा झाली. तीत राजपुरुषांनी त्या जमिनीत प्रवेश करू नये, ती मिठासाठी खणू नये, अशा सवलती आहेत. ही यादी उलट बाजूने वाचली म्हणजे इतर गावांना काय सोसावे लागे याची कल्पना येते. ती जमीन कसणारे कोण, हे मात्र दोन्ही लेख सांगत नाहीत.

मामाल हे नाव 'मावळ' या रूपाने आजही नांदत आहे. चैत्यगृहाच्या दारालगत एकवीरेचे देऊळ आहे आणि चैत्रातील यात्रेस किनाऱ्यावरील कोळी समाज घाट चढून तेथे येतो. लेणी जुन्या व्यापारी वाटांवर, देवीच्या आधीच्या स्थानांजवळ उभी राहिली असावीत, असे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात सुचविले. ते प्रत्येक ठिकाणी लागू पडेलच असे नाही. परंतु त्यामागची रीत अनुकरणीय आहे. पायी हिंडावे, कोणत्या देवाला कोण, कोणत्या दिवशी व कोणत्या वाटेने येतो हे गावकऱ्यांस विचारावे, आणि मग लेख पुन्हा वाचावा.

येथे एक उलट प्रमादही संभवतो. खेड्यात मुक्काम करणाऱ्या नागर पाहुण्यास तेथील सर्वच गोष्टी पुरातन भासू लागतात. पानातला सुवासिक, किंचित चिकट इंद्रायणी भात तो 'परंपरागत' म्हणून वाखाणतो. हे वाण मात्र आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रात सिद्ध झाले व १९८७ मध्ये प्रसारित झाले. आषाढातल्या लावणीच्या दिवसांत तेथे राहणाऱ्याने बियाणे कोठून आणले, मजुरी किती पडली, भात घरी किती ठेवला आणि विकला किती, हे विचारले तर करजिकच्या अनामिक शेतकऱ्याविषयी शिलालेखास कोणते प्रश्न करावेत, हेही त्याला सुचू लागेल.