सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण : संस्था कशी निवडावी?

आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर आणि दवाखाना उभा राहतो. वस्तीत काविळीची साथ आली तर डॉक्टर एकेका रुग्णाला औषध देतो. परंतु रुग्ण कोणत्या गल्लीत अधिक आहेत, पिण्याच्या पाण्याची वाहिनी गटाराजवळ कोठे फुटली आहे, हे शोधून साथ थांबविणे हे सार्वजनिक आरोग्याचे काम होय. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. साथ आधी कोणाच्या दारात येते, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणूनच या क्षेत्रात आपली मुले-मुली जावीत, असे आम्हांस वाटते.

या विषयाची पदव्युत्तर पदवी म्हणजे एम.पी.एच. ती साधारणतः दोन वर्षांची असते. कम्युनिटी मेडिसिनमधील एम.डी.साठी एम.बी.बी.एस. असावे लागते, एम.पी.एच.चे तसे नाही. नर्सिंग, दंतवैद्यक, आयुर्वेद, विज्ञान, समाजकार्य अशा पदवीधरांनाही अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो. मात्र प्रत्येक संस्थेच्या अटी वेगळ्या असतात. शिवाय या पदवीने रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगावे.

आधी काम ठरवावे, मग संस्था. साथींचा शोध आणि आकडेशास्त्र यांची आवड असल्यास चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था पाहावी. आरोग्यातील विषमता, धोरण व प्रशासन यांकडे ओढा असल्यास मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील सामाजिक वैद्यक केंद्र पाहावे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हा अभ्यासक्रम १९९७ पासून आहे. कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्य संस्था तर १९३२ सालची आहे.

नाव व इमारत पाहून भुलू नये. पुढील प्रश्न विचारावेत :

१) विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे काय?
२) प्रत्यक्ष गावात व वस्तीत किती आठवडे काम करावे लागते?
३) पूर्णवेळ शिक्षक किती व कोणत्या विषयांचे?
४) मागील दोन-तीन तुकड्यांतील विद्यार्थी आज कोठे नोकरीस आहेत?
५) वसतिगृह व खानावळ धरून दोन वर्षांचा एकूण खर्च किती?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयात न विचारता माजी विद्यार्थ्यांकडून घ्यावे.

पैशाचा विचार प्रवेशापूर्वीच करावा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. ही गोष्ट प्रवेशानंतर कळली, तर पूर्ण फी आई-वडिलांच्या डोक्यावर कर्ज होऊन बसते. जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला पदवीच्या शेवटच्या वर्षातच तयार ठेवावेत.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. तिच्यासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो. या योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. केवळ आरोग्य हा एकच विषय शिकविणारी नामांकित संस्था सर्वसाधारण क्रमवारीत असेलच असे नाही. म्हणून त्या वर्षीची जाहिरात व यादी पाहूनच परदेशातील संस्थेकडे अर्ज करावा.

आपल्या घरातून पदवीपर्यंत पोहोचणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा पहिलीच असते. तिला विचारायला घरात कोणी नसते. तेव्हा जे शिकून पुढे गेले आहेत त्यांनी एक रविवार काढून अशा विद्यार्थ्यांसोबत बसावे, माहितीपत्रके वाचावीत, अर्ज भरून द्यावेत. एका विद्यार्थ्याची निवड योग्य झाली, तर उद्या एखाद्या वस्तीचे पाणी स्वच्छ होईल.