एक चंद्र, दोन महिने

आश्विन वद्य चतुर्थीच्या संध्याकाळी दिल्लीलगतच्या फरीदाबादमध्ये मराठी घरांतली संकष्टी आणि शेजारच्या घरांतली करवा चौथ, हे दोन्ही उपवास एकाच चंद्रोदयाची वाट पाहतात. उत्तरेच्या पूर्णिमान्त गणनेत, म्हणजे पौर्णिमेला महिना संपवणाऱ्या पद्धतीत, तो दिवस कार्तिकात मोडतो, तर महाराष्ट्राच्या अमान्त गणनेत अमावास्येपर्यंत आश्विनच चालू असतो. महिन्याचे नाव बदलले तरी चतुर्थी मात्र दोन्हीकडे चतुर्थीच राहते, कारण तिथी सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनावरून ठरते आणि चंद्राची कलाही त्याच कोनावर अवलंबून असते.

ग्रहणाचा काळ वगळता चंद्राचा अर्धा गोल सूर्यप्रकाशाने सदैव उजळलेला असतो. पृथ्वीवरून त्या उजळ अर्ध्याचा जेवढा भाग दिसतो, तेवढी ती कला. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हा समज सुशिक्षितांतही आढळतो आणि तो मुळातच चुकीचा आहे. शुद्ध अष्टमीला दुपारनंतर सूर्य आणि अर्धा चंद्र एकाच वेळी आकाशात दिसतात, तेव्हा सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडणारी पृथ्वीची सावली चंद्रापर्यंत पोहोचणे शक्यच नसते. पौर्णिमेलाही ती क्वचितच गाठते, कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे.

सूर्याच्या तुलनेत 12 अंश पुढे सरकण्यास चंद्राला लागणारा काळ म्हणजे एक तिथी, आणि अशा 30 तिथींचा चांद्रमास सरासरी 29.53 दिवसांचा भरतो. चंद्राची पृथ्वीभोवतीची फेरी वास्तविक 27.32 दिवसांतच पूर्ण होते. तथापि तेवढ्या अवधीत पृथ्वीही सूर्याभोवती पुढे गेलेली असल्याने तोच कोन पुन्हा साधण्यास आणखी दोनेक दिवस लागतात.

चंद्रोदयाची वेळही या कोनाशीच बांधलेली आहे. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र पुढे रोज सरासरी 50 मिनिटे उशिरा उगवतो आणि वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास येतो. फरीदाबादच्या दक्षिणेला यमुनाकाठी असलेल्या मथुरेत जन्माष्टमीचा जन्मसोहळा आणि चंद्रोदय जवळजवळ एकाच वेळी येतात, ते यामुळेच.

कला सर्वत्र सारखी दिसली, तरी उदयाची वेळ स्थानानुसार बदलते. आश्विन वद्य चतुर्थीचा चंद्र आकाशाच्या उत्तर भागात असतो आणि मुंबई दिल्लीच्या नैर्ऋत्येला आहे, त्यामुळे तो मुंबईत अर्धा-पाऊण तास उशिरा उगवतो. फरीदाबादमधील मराठी कुटुंबांनी संकष्टी सोडताना दिनदर्शिकेत मुंबईची नव्हे, दिल्लीची वेळ पाहावी.