काट्यावरची केबल, मोबाइलवरचं पान

जिनिंगमध्ये कापसाची ट्रॉली काट्यावर चढली की केबिनमधला माणूस दोन आकडे बघतो. इंडिकेटरवरचा लाल आकडा आणि संगणकाच्या पडद्यावरचा आकडा. दोन्ही सारखे दिसले की तो बटण दाबतो आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकर करत पावती ओढतो. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या बोदवडला दिवाळीनंतर ही करकर रात्री उशिरापर्यंत चालते. बाहेर ट्रॅक्टर, पिकअप, छोटा हत्ती अशी रांग. आत रुईचे उडते तंतू आणि मशीनचा आवाज.

हे दोन आकडे सारखे ठेवणं हे एका पोराचं काम आहे. तोच आकडा शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोचवणं हे दुसऱ्याचं. दोघंही इथलेच, रोज गाडीने भुसावळला ये-जा करून शिकलेले. जिनिंगच्या शेठने दोघांना एकाच हंगामात काम दिलं आणि मला मधे बसवलं, कारण दोघांचं आपसात जमेना. मी आयुष्यभर दोन्हीकडचं थोडंथोडं काम करत आलो. त्यामुळे तालुक्यातली बीसीए, बीई करणारी पोरं भेटली की ठरलेला प्रश्न विचारतात, “भाऊ, सॉफ्टवेअरमध्ये जाऊ का वेबमध्ये?” पुण्यातल्या क्लासच्या पत्रकावर दोन्हींच्या फिया वेगळ्या छापलेल्या असतात, म्हणून दोन वेगळे धंदे असतील असं त्यांना वाटतं. आता मी त्यांना काटा बघायला पाठवतो.

आधी केबल बघू. काट्याच्या लोखंडी प्लॅटफॉर्मखाली लोड सेल असतात. भार पडला की त्यांच्यातून निघणारा विद्युतदाब किंचित बदलतो आणि इंडिकेटर त्याचे किलो करतो. इंडिकेटरच्या पाठीमागून एक सीरियल केबल संगणकात येते. त्या केबलमधून वजन सतत वाहत असतं, कुणी मागो न मागो. आधी सुरुवातीची खूण, मग अधिक-उण्याचं चिन्ह, मग आकडे, मग शेवटची खूण. लगेच पुन्हा तेच. आता तुमच्या प्रोग्रामने मधूनच वाचायला सुरुवात केली तर 12340 किलोची गाडी 2340 किलोची होते. आकडा दिसायला अगदी खरा. म्हणून सुरुवातीची खूण येईपर्यंत हाती आलेलं सगळं फेकून द्यायचं, आणि ओळ पूर्ण आल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

एवढ्यानेही भागत नाही. ड्रायव्हर खाली उतरतो, प्लॅटफॉर्म हलतो, आकडा वर-खाली नाचतो. सलग काही वाचनं सारखी येईपर्यंत बटण बंद ठेवावं लागतं. नव्या संगणकांना सीरियलचं तोंडच नसतं, म्हणून मधे यूएसबीचा कन्व्हर्टर लावतात. झाडणाऱ्याने तो काढून शेजारच्या भोकात खोचला की काल तीन नंबरचा असलेला पोर्ट आज सात नंबरचा होतो आणि प्रोग्राम म्हणतो, काटाच नाही. या पोराने प्रोग्रामलाच सगळे पोर्ट चाचपून काटा शोधायला लावलं. आणखी एक पथ्य त्याने पाळलं आहे: वजन हाताने टाइप करता येत नाही. वैधमापनवाले शिक्का मारतात तो काट्यावर. प्रोग्राममध्ये कुणी हात घातला तर तो शिक्का काय करणार? चुकलेली पावती रद्द होते, पण तिचा नंबर पुसला जात नाही.

महिनाभर बघितल्यावर लक्षात येतं, की या पोराचं जग लहान आहे आणि खोल आहे. संगणक एक, काटा एक, बटण दाबणारा माणूस एक. बिघाड झाला की त्याचं कारण त्याच खोलीत कुठेतरी असतं. मी एकदा त्याला विचारलं, सगळ्यात आधी काय तपासतोस? तो म्हणाला, “उंदीर.” खरंच, सरकीच्या वासाने येतात आणि केबल कुरतडतात.

दुसऱ्या पोराच्या जगाला भिंतीच नाहीत. शेठची मागणी साधी होती: शेतकऱ्याला त्याच्या गाडीचं भरलेलं वजन, खाली वजन, निव्वळ वजन आणि भाव घरबसल्या दिसावा. पान पहिल्याच आठवड्यात तयार झालं. वेबचं हे सुख मोठं आहे. संध्याकाळी लिहा, रात्री मामाला लिंक पाठवा, मामा खूश. मग पान खरोखर वापरात आलं.

पहाटे चारला तोललेली एक गाडी पानावर आदल्या दिवशीची दिसली. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दिवसाच्या गाड्यांवरून हे कळलंच नसतं. पहाटे साडेपाचच्या आतल्या गाड्याच तेवढ्या कालच्या होतात. आणि कापसाचा भाव रोजचा रोज बदलतो, तेव्हा तारीख चुकली की पैसे चुकतात. रांगेत रात्र काढलेला शेतकरी हे ऐकून घेईल का? मग नेटवर्क. शिवारात उभा राहून एकाने पानावरचं नोंदणीचं बटण दाबलं, चाक गरगरत राहिलं, त्याने पुन्हा दाबलं, नोंद दोनदा. प्रत्येक नोंदीला आधीच एक खूण देऊन दुसरी आली तर गुपचूप गिळायची, हा त्यावरचा उपाय. नावांचं आणखी वेगळं. जुन्या काटा-प्रोग्राममध्ये शेतकऱ्यांची नावं युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टात टाइप केलेली. प्रिंटरवर सुरेख, मोबाइलवर मात्र रोमन अक्षरांचा कचरा. ती सगळी यादी बदलून घ्यावी लागली, आणि जोडाक्षरं तपासायला शेवटी माणूसच बसवावा लागला.

वेबवाल्याला आपलं पान वापरणारा माणूस दिसत नाही. फोन कोणता, पडदा केवढा, चष्मा घरी राहिला का, काहीच माहीत नाही. 2025-26 च्या हंगामात भारतीय कपास निगमने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी, मग स्लॉट, अशी पद्धत आणली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला 8,110 रुपये. अशा ॲपमागे बसलेल्या माणसाचा विचार करा. त्याला राज्याराज्यातले शेतकरी एकाच मुदतीत अंगावर घ्यायचे आहेत, आणि त्यातल्या कित्येकांचा मोबाइल नंबर पुण्याला कामाला गेलेल्या मुलाच्या खिशात आहे. ओटीपी तिकडे, बाप इकडे. हे कोणत्याही अभ्यासक्रमात नसतं.

आता कुणी म्हणेल, मग फरक स्पष्ट आहे की. कागदावर आहेच. एकीकडे सी, सी++, जावा, डॉटनेट, मेमरी, ऑपरेटिंग सिस्टिम. दुसरीकडे एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, सर्व्हर, डेटाबेस. पण ही भिंत कधीच पडली आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये वेब सुरू केलं ते कागदपत्रं एकमेकांना जोडण्यासाठी. पहिली साइट 1991 ची. आज हीच पोरं ज्या व्हीएस कोडमध्ये प्रोग्राम लिहितात, तो संगणकावर बसवलेलं सॉफ्टवेअर असूनही आतून वेबच्याच सामानाने बनलेला आहे. आपला सातबारा बघा. तालुक्याच्या कचेरीतल्या संगणकात होता, तिथून वेबवर आला, 2018 पासून डिजिटल सहीचा मिळू लागला, आणि 2021 मध्ये ई-पीक पाहणीने त्यावरचा पीकपेरा शेतकऱ्याच्याच फोनवर आणून ठेवला. यात सॉफ्टवेअर कुठे संपलं आणि वेब कुठे सुरू झालं, हे मला रेष मारून दाखवता येणार नाही.

नोकरीच्या बाजारातही तसंच. मोठ्या कंपनीत भरती झाली की दोघांच्याही ओळखपत्रावर सॉफ्टवेअर इंजिनियर असंच छापतात. पहिलं वर्ष दुसऱ्याने लिहिलेलं वाचण्यात आणि त्यातल्या चुका काढण्यात जातं. त्यात जावा आली की जावास्क्रिप्ट हा नशिबाचा भाग. मुलाखतीत मात्र दोघांनाही डेटा स्ट्रक्चर आणि डेटाबेसच विचारतात. म्हणून क्लासची फी भरण्याआधी एवढं तरी पाया म्हणून करा, असं मी पोरांना सांगतो, आणि पोरांचे चेहरे पडतात.

एका बाबतीत मी मुळीच गोड बोलत नाही. शाळेची, सराफाची, दवाखान्याची चार पानांची साइट बनवून द्यायची आणि त्यावर घर चालवायचं, हा धंदा जळगावसारख्या शहरातही आता आटला आहे. तयार साचे आहेत, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता तसलं पान चहा होईपर्यंत लिहून देते. शिवाय गिऱ्हाईक पैसे द्यायला पुढचा हंगाम दाखवतं. पण पहाटेच्या गाडीची तारीख का चुकते, हे ओळखणाऱ्याला काम आहे. तसंच तुटलेल्या ओळीतून आलेलं वजन नाकारणाऱ्यालाही. यंत्र त्यांना मदत करतं, पण काय विचारायचं हे त्यांनाच ठाऊक असावं लागतं.

मग निवडायचं कशावरून? मी त्या पोरांना दोघांशेजारी एकेक दिवस बसवतो. काहींना बंद खोलीतला एकच बिघाड तासन् तास उकरत बसायला आवडतं; नेटवर्क, गर्दी, रोज बदलणारी साधनं यांनी त्यांचं डोकं उठतं. काहींना उलट. रोज नवं गिऱ्हाईक, नवा फोन, नवी तक्रार नसेल तर ते पेंगतात. पगार, भाषा, फॅशन हे सगळं पाच वर्षांत बदलतं. कसला वैताग आपल्याला चालतो, हे मात्र फारसं बदलत नाही. एक मुलगी दिवसभर काट्याच्या केबिनमध्ये बसली आणि संध्याकाळी म्हणाली, मला इंडिकेटरच्या आतलंच शिकायचंय. तिच्या प्रश्नात तिसरा पर्याय नव्हताच. तो तिला लाल आकड्यात दिसला. आता ती इलेक्ट्रॉनिक्सकडे वळली आहे.

आमच्या या दोन पोरांचं भांडण कशावरून होतं ते राहिलंच. निव्वळ वजन काढायचं कुठे? काटेवाला म्हणायचा, माझ्याकडे. वीज गेली, नेट गेलं, तरी पावती निघाली पाहिजे. वेबवाला म्हणायचा, सर्व्हरवर. नाहीतर सगळ्या गाड्यांचा हिशोब एका जागी कसा लागणार? शेवटी ठरलं की वजाबाकी काट्यावर होईल, नोंद तिथल्याच संगणकात साठेल, आणि लाइन आली की वर जाईल. सर्व्हर स्वतः पुन्हा वजाबाकी करून बघेल. जुळलं नाही तर ती गाडी पानावर दाखवायचीच नाही, थेट शेठला फोन.

शेठने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि मोबाइलवर एक अन् पावतीवर दुसरं निघालं, तर पैसे कशावर देऊ?”

दोघंही एकदमच म्हणाले, “पावतीवर.” मग वेबवाल्याने लॅपटॉप ओढला आणि पानाच्या तळाशी, ठळक अक्षरांत, ते वाक्य टाकायला घेतलं. काटेवाला त्याला अक्षरं अजून मोठी कर म्हणत होता.