जुन्या रीतीचीं माणसें



ठाण्यांत मासुंदा तलावाजवळ संत जॉन बाप्टिस्टचें चर्च आहे. त्याचा आरंभ पोर्तुगीज अमदानींतला. त्याच शहरांतलें सेंट जेम्स चर्च इंग्रजी अमदानींतलें; १८२५ सालीं बिशप हीबर यांच्या हस्तें त्याचें समर्पण झालें. पुढें आगगाडीनें वस्ती कल्याण-डोंबिवलीकडे नेली, आणि गोवें, मंगळूर, केरळ, नगर अशा दूरदूरच्या मुलखांतून आलेलीं ख्रिस्ती कुटुंबें तेथें स्थायिक झालीं. इतक्या निरनिराळ्या मुळांचीं माणसें एका उपासनेंत बसूं लागलीं म्हणजे कांहीं ना कांहीं बदल करावा लागतोच, आणि बदल केला कीं कोणीतरी रुसतोच. आज मी बोलणार आहें तें या रुसणाऱ्यांविषयीं. ज्यांचा चर्चशीं कधीं संबंध आला नाहीं अशा श्रोत्यांनाहि हा विषय परका वाटूं नये. सोवळ्याची चूल मोडतांना घरांतल्या आजीचा चेहरा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना यांतलें अर्धें आधींच ठाऊक आहे.

कॅथॉलिक पंथांत गेल्या शतकांतला सर्वांत मोठा बदल व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेनें घडवून आणला. उपासनेविषयींचा तिचा लेख ४ डिसेंबर १९६३ रोजीं प्रसिद्ध झाला, आणि त्याला अनुसरून केलेले नियम ७ मार्च १९६५ पासून अमलांत आले. तोंपर्यंत धर्मगुरु वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ ठेवून, लॅटिन भाषेंत मिस्सा म्हणत असे. पुष्कळसा भाग तो अगदीं हलक्या आवाजांत म्हणे, आणि मागें बसलेले लोक आपापली जपमाळ ओढीत. थोड्याच काळांत हें सारें पालटलें. धर्मगुरु लोकांकडे तोंड करून उभा राहिला आणि आमच्याकडे मराठी, कोंकणी, इंग्रजी अशा भाषा वेदीवर आल्या. येथें एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. परिषदेच्या मूळ लेखांत वेदी फिरवावी असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं, आणि लॅटिन राखावी असें मात्र स्पष्ट म्हटलें आहे. देशी भाषांना अधिक वाव द्यावा, एवढीच त्याला जोड. परिषदेनें दार किलकिलें केलें. लोटून उघडलें तें मागाहून आलेल्या उत्साहानें.

अशा वेळीं चर्चमधल्या एखाद्या आजीची कल्पना करा. तिला लॅटिन कळत नसे, हें खरें. परंतु न कळणें म्हणजे आपलें नसणें असें समजणें ही शिकलेल्या माणसांची चूक आहे. आपल्यापैकीं किती जणांना संध्येचे मंत्र अर्थासह येत होते? तरी मुंजीच्या मंत्रांऐवजीं कोणी सुबोध मराठी भाषण करूं लागला, तर आपण अस्वस्थ होऊंच. त्या आजीनें त्याच न कळणाऱ्या शब्दांत आईला पुरलें होतें, त्याच शब्दांत तिचें लग्न लागलें होतें. आतां शब्द कळूं लागले. पण आई ज्या शब्दांखालीं गेली ते शब्द उरले नाहींत. ही हानि खरी होती. सुधारकांनीं ती आधीं कबूल केली असती, तर अर्धा राग तेथेंच निवाला असता.

याहून कठीण प्रसंग १९६९ सालीं आला. त्या वर्षीच्या २५ एप्रिलला रोमनें हिंदुस्थानांतील बिशपांनीं सुचविलेल्या बारा बाबींना मान्यता दिली. गुडघा टेकण्याऐवजीं हात जोडून लवावें, पादत्राणें बाहेर काढावीं, जमिनीवर बसावें, मेणबत्त्यांऐवजीं तेलाचे दिवे लावावेत, फुलें, धूप व दीप यांनीं आरती करावी, पंचांग प्रणाम चालावा, अशा त्या बाबी होत्या. त्यांना जो विरोध झाला त्याला वरवर पाहणाऱ्यांनीं हट्ट म्हटलें. मला तें पटत नाहीं, आणि त्याचें कारण इतिहासांत आहे. गोव्याच्या इन्क्विझिशननें १७३६ सालीं एक जाहीरनामा काढला होता. त्यांत ख्रिस्ती लोकांच्या लग्नकार्यांतली हळद, फुलें, पानसुपारी, ओव्या, इतकेंच काय पण दारची तुळसहि निषिद्ध ठरविली होती. ठाणें त्यानंतर लवकरच, १७३७ सालीं, मराठ्यांकडे आलें. पण शिकवण राज्याबरोबर थोडीच जाते! दिवा आणि आरती ही "त्यांची" रीत, आपली नव्हे, हें पिढ्यान् पिढ्या मनावर बिंबविलें गेलें. ज्या अधिकारानें तें शिकविलें, त्याच अधिकारानें एके दिवशीं सांगितलें कीं आतां आरती करा. मग जी म्हातारी बावरली, ती हट्टी होती कीं आज्ञाधारक? तिला जें शिकविलें होतें तेंच तर ती पाळीत होती. चर्च जणूं आपल्याच जुन्या प्रवचनाशीं भांडत होतें, आणि मार मात्र तिला बसत होता.

(मनुष्य मात्र कोणतीच आज्ञा सबंध पाळीत नाहीं, हेंहि खरें. ठाणें-वसईकडच्या ईस्ट इंडियन समाजानें लुगडें सोडलें नाहीं कीं लग्नांतलें उंबराचें पाणी सोडलें नाहीं.)

तेव्हां धीर धरणें म्हणजे काय? बदल लांबणीवर टाकणें नव्हे. विरोध करणारा काय गमावतो आहे हें त्याच्या तोंडून ऐकून घ्यावें, आणि त्यांतलें जें राखतां येईल तें राखावें, एवढा या शब्दाचा अर्थ मी करतों. याचें एक नमुनेदार उदाहरण आपल्याच प्रांतांत घडलें आहे. उत्तर हिंदुस्थानांतील प्रॉटेस्टंट पंथांच्या ऐक्याची वाटाघाट १९२९ सालीं सुरू झाली, आणि सहा चर्चसंस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें तें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं, नागपुरास. एक्केचाळीस वर्षें! तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा, कीं समज आल्यावर ज्यानें त्यानें स्वतः घ्यावा, या एका प्रश्नावर युरोपांत रक्त सांडलें होतें. नागपुरास ठरलें कीं एकाच चर्चमध्यें दोन्ही रीति राहतील. जुन्या उपासनापद्धतीहि एकदम बंद केल्या नाहींत. त्याआधीं दक्षिणेकडे १९४७ सालीं असेंच ऐक्य झालें, तेव्हां कोणत्याहि मंडळीवर तिच्या मनाला न पटणारा धर्मसेवक लादला जाणार नाहीं असें वचन दिलें होतें. एवढें करूनहि सारेच आले असें नाहीं. मेथॉडिस्टांची एक मोठी शाखा नागपूरच्या ऐक्यांतून ऐन वेळीं बाहेर राहिली. धीर धरला म्हणजे यश हमखास, असें समजूं नये.

धीर न धरल्यानें काय होतें तेंहि याच किनाऱ्यानें पाहिलें आहे. चर्चवर हुकमत पोर्तुगालच्या राजानें नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांची, कीं थेट रोमच्या प्रतिनिधीची, या वादांत मुंबई बेटांतल्या कॅथॉलिकांत उभी फूट पडली होती. १८५३ सालीं माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्यें बिशप हार्टमन स्वतःला कोंडून घेऊन बसले, बाहेर विरोधी पक्षाचा वेढा पडला, आणि सुमारे पंधरा दिवसांनीं सरकारी अंमलदारांना मध्यें पडावें लागलें. हा दुहेरी कारभार कायमचा मिटला तो १९२८ सालच्या करारानें. एका बाजूला बिशप कोंडलेला आणि दुसऱ्या बाजूला भक्त दारें ठोठावीत असलेले, यांत श्रद्धा कोणत्या बाजूला अधिक होती तें मला तरी सांगतां येणार नाहीं.

आतां थोडें नाजूक बोलावयाचें आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहींत. कांहीं वर्षें ताटातूट झाली. पुढें त्या टिळकांजवळ राहूं लागल्या तेव्हांहि आपलें सोवळें घेऊनच. टिळक स्वभावानें मोठे उतावळे, हें 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्या कोणालाहि ठाऊक आहे. पण या एका बाबतींत त्यांनीं वाट पाहिली. जातिभेद देवानें केलेला कीं माणसानें, हा विचार लक्ष्मीबाईंनीं आपला आपणच केला, माणसानें केलेला असें आपलें आपणच ठरविलें, आणि १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. कोणी त्यांना ओढून नेलें असतें तर मराठीला 'स्मृतिचित्रें' मिळतीं ना, आणि टिळकांनीं अर्धवट टाकलेलें 'ख्रिस्तायन' बहुतेक सारें त्यांच्या हातून पुरें होतें ना.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती आम्ही वरच्या वर्गांतलीं माणसें सांगावयास विसरतों. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत महार-मांग समाजांतून आलेल्या भावाबहिणींचाच भरणा होता. लक्ष्मीबाईंचें मन वळेपर्यंत त्या सोवळ्याच्या पलीकडे उभीं राहत होतीं तीं हीं माणसें. त्यांच्या हातचें पाणी नाकारलें जात होतें, आणि त्यांच्या धीराचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं. गोव्यांतल्या कांहीं चर्चच्या कोंफ्रारियांत जातीप्रमाणें प्रवेश देण्याची रीत तर फारच दीर्घकाळ टिकली. तेव्हां विरोध करणाऱ्याला आपण जी सवलत देतों तिची किंमत कोण भरतो, हें प्रत्येक वेळीं पाहावें लागतें. लॅटिन हवी म्हणणाऱ्या आजीसाठीं महिन्यांतून एक मिस्सा राखून ठेवल्यानें कोणाचेंहि कांहीं जात नाहीं. शेजारीं अमक्या जातीचा नको म्हणणाऱ्या पंचाला मात्र एक रविवारहि देतां येत नाहीं. दोघेहि म्हणतात, "आमच्या वाडवडिलांपासून चालत आलें आहे." शब्द तेच, पण प्रकरणें दोन आहेत, आणि पुष्कळ धर्मगुरूंचा गोंधळ येथेंच होतो: आजीवर रागावतात आणि पंचापुढें नमतात, कारण आजीच्या हातीं जपमाळ असते आणि पंचाच्या हातीं वर्गणीची वही.

पहिल्या प्रकारची सवलत देण्यांत रोमचेंहि धोरण स्थिर राहिलें नाहीं. १९७१ सालीं इंग्लंडांतील कांहीं कलावंत-लेखकांनीं जुनी लॅटिन मिस्सा राहूं द्यावी असा अर्ज पोपकडे पाठविला. त्यावर सह्या करणाऱ्यांत पुष्कळजण कॅथॉलिकहि नव्हते. एक सही रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्ती यांची होती. पोपनीं परवानगी दिली ती या बाईंचें नांव पाहून, अशी आख्यायिका आहे. २००७ सालीं सोळावे बेनेडिक्ट यांनीं ती मोकळीक जगभर वाढविली, आणि २०२१ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं पुन्हां आखडली.

त्याच २०२१ सालीं सीरो-मलबार चर्चच्या धर्मसभेनें आपल्या सर्व धर्मप्रांतांना एकच पद्धति लावावयाचें ठरविलें. १९८८ सालीं निघालेला कल्याणचा धर्मप्रांत याच चर्चचा. उपासनेच्या पहिल्या भागांत धर्मगुरूनें लोकांकडे तोंड करावें, आणि मुख्य अर्पणाच्या वेळीं पुन्हां वेदीकडे वळावें, असा तो ठराव होता. जुनी रीत अर्धी परत आली, म्हणजे जुनीं माणसें सुखावतील असें कोणालाहि वाटलें असतें. केरळांत एर्नाकुलमकडे घडलें तें उलटें. तेथें दोन पिढ्यांना लोकांकडे तोंड करून म्हटलेल्या मिस्सेची संवय झाली होती. तीच त्यांची वाडवडिलांची रीत होऊन बसली होती. १९६५ सालीं ज्या गोष्टीनें आपली ठाण्याची आजी बावरली, तीच गोष्ट हातची जाऊं नये म्हणून तिच्याच वयाचीं माणसें चर्चच्या दाराशीं जमलीं, आणि तो तंटा पुढें कित्येक वर्षें चालला.