बोलणी चार्जरला, बिल पंख्याचं

बिल वाढलं की आमच्याकडे पहिली बोलणी खातो मोबाइलचा चार्जर. "बटण परत चालूच!" मोबाइल न लावलेला आजचा चांगला चार्जर अर्धा वॅटही ओढत नाही, वर्षभर तसाच राहिला तरी चार-पाच युनिटांवर जाणार नाही. रिमोटने 'बंद' केलेला सेट-टॉप बॉक्स मात्र बहुतेकदा आतून जागाच असतो. त्याला कुणी रागवत नाही.

जुन्या घरातला खरा खादाड डोक्यावर फिरतो. वीस वर्षांपूर्वीचा पंखा साधारण 75 वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा 30च्या आसपास. रोज 15 तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला 20 युनिटं वाचतात. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे कमी होणारी युनिटं सर्वांत महाग टप्प्यातली असतात.

"पंखा दोनवर ठेवते, वीज वाचते," असं आई म्हणते. अर्धंच खरं. जुन्या खोक्यासारख्या रेग्युलेटरला हात लावा, गरम लागेल. वाचली असं वाटणारी बरीचशी वीज तिथेच तापून जाते. (बीएलडीसी पंखा त्या रेग्युलेटरवर चालवू नका, वायरमनकडून तो काढून घ्या.) आणि रिकाम्या खोलीत पंखा लावून खोली गार होत नसते. पंखा घाम वाळवतो, गार होतं ते अंग.

एसी 18वर ठेवला की खोली लवकर गार होते, हाही भ्रमच. साधा, इन्व्हर्टर नसलेला कॉम्प्रेसर 24वर आणि 18वर सारख्याच ताकदीने चालतो, 18वर तो फक्त थांबायचं नाव घेत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वर नेलात की सुमारे 6 टक्के वीज वाचते.

पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मोठा एसी घेण्याआधी एप्रिलच्या रात्री दहाला स्टुलावर चढून छताला तळहात लावून बघावा. इस्त्री नुकतीच बंद केल्यासारखा स्लॅब लागतो. दिवसभर प्यायलेलं ऊन तो रात्री खाली सोडत असतो. गळतीसाठी गच्चीवर काळी डांबरी शीट टाकलेली असेल तर विचारूच नका. उघड्या स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारले की बरंचसं ऊन वरच्यावर परत जातं. चुना पावसात धुपतो, म्हणून दर मार्चमध्ये कुंचा काढायचा. सोसायटीची परवानगी मात्र जानेवारीतच मागून ठेवा.